उपाशीपोटीचा कप, रात्रीचा कप आणि डब्यातली कॅप्सूल

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या वाचक ४४ वर्षांच्या आहेत आणि त्यांची नोकरी बैठी आहे. दीड वर्षापूर्वी वडिलांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या प्रकृतीकडे लक्ष द्यायचे ठरवले आणि साखरेचा चहा सोडून ग्रीन टी सुरू केला. आता दिवसाला ३०० मिलिलिटरचे सहा-सात मोठे मग होतात. पहिला सकाळी अनशापोटी, नाश्त्याऐवजी. दोन जेवणांनंतर लगेच. एक दुपारी चार वाजता. शेवटचा रात्री साडेनऊला. आणि भूक लागेल तेव्हा मधूनमधून. वजन उतरावे म्हणून चार महिन्यांपूर्वी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून त्यांनी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलही सुरू केल्या. सध्या त्यांना सकाळी मळमळते, झोप लागायला वेळ लागतो आणि दिवसभर थकवा असतो. हिमोग्लोबिन १०.४ आल्यामुळे डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली आहे; रक्तदाबाची गोळी आधीपासून चालू आहे. ग्रीन टीमुळे यकृत खराब होते असा मजकूर मुलीने दाखवल्यापासून घरात रोज वाद होतो. त्या विचारतात, ‘जी गोष्ट मी सगळ्यांत चांगली म्हणून धरली, तीच मला बाधली का? सगळे सोडून देऊ, की ही उगाच घातलेली भीती आहे?’ शेवटी त्या लिहितात की चार वाजताचा कप ही त्यांच्या दिवसातली एकमेव निवांत दहा मिनिटे आहेत.

उत्तर:

तुमच्या पत्रातले बाकीचे सगळे प्रश्न थोडे थांबू शकतात, एक मात्र थांबू शकत नाही, म्हणून त्यापासून सुरुवात करते. ती कॅप्सूल आजपासून बंद करा. ‘हा डबा संपेपर्यंत घेते’ असेही नको. शिवाय या आठवड्यात डॉक्टरांना भेटून, कॅप्सूलचा डबा सोबत नेऊन, यकृताच्या कार्याची रक्ततपासणी करून घ्या. मळमळ आणि थकवा यांची तुमच्या बाबतीत इतर अनेक कारणे असू शकतात आणि त्यांचा विचार आपण पुढे करणारच आहोत; पण अर्काच्या कॅप्सूल चालू असताना हीच दोन लक्षणे यकृताला होणाऱ्या इजेचीही पहिली खूण असू शकतात, आणि ती शक्यता एका साध्या तपासणीने निकालात काढता येते. त्याआधीच लघवीचा रंग गडद झाला, डोळे किंवा त्वचा पिवळी दिसू लागली, अंगाला खाज सुटली किंवा पोटात उजव्या बरगड्यांखाली दुखू लागले, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता तुमच्या आणि तुमच्या मुलीच्या वादाकडे वळू. तुम्ही दोघी एकाच शब्दाने दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलत आहात, असे मला पत्र वाचताना सतत वाटत होते. तुम्ही ‘ग्रीन टी’ म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर गरम पाण्यात उतरलेली पाने असतात. मुलीने वाचलेला मजकूर मात्र बहुधा त्याच पानांच्या दाट अर्काबद्दलचा आहे. दोन्हींचे मूळ एक असले तरी शरीराच्या दृष्टीने त्या सारख्या वस्तू नाहीत.

चहाच्या पानांत कॅटेचिन नावाच्या संयुगांचा एक गट असतो, आणि त्यांतले सर्वांत मुबलक संयुग ईजीसीजी या नावाने ओळखले जाते. ग्रीन टीची जी कीर्ती आहे ती मुख्यतः याच्यामुळे, आणि यकृताबद्दलची जी चिंता आहे तीही याच्यामुळेच. साधारण पाव लिटर ग्रीन टीतून ५० ते १०० मिलिग्रॅम ईजीसीजी मिळते; पाने किती, पाणी किती गरम आणि ती किती वेळ भिजली यावर आकडा कमी-जास्त होतो. हे प्रमाण दिवसभरात घोटाघोटाने, पाण्यासोबत पोटात जाते. कॅप्सूलमध्ये मात्र अनेक कपांचा ऐवज एका क्षणात गिळला जातो, आणि तो उपाशीपोटी गिळला तर रक्तात पोहोचणारे प्रमाण जेवणासोबत घेतल्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये या विषयाचा आढावा घेतला, तेव्हा नेहमीच्या पद्धतीने केलेला ग्रीन टी सर्वसाधारणपणे सुरक्षित मानला. परंतु पूरक आहाराच्या रूपात दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी घेणाऱ्यांमध्ये यकृताची विकरे (एन्झाइम) रक्तात वाढल्याचे नोंदवले. त्यानंतर २०२२ मध्ये युरोपीय संघाने नियमच केला की अशा उत्पादनांच्या दिवसभराच्या मात्रेत ईजीसीजी ८०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असले पाहिजे, आणि वेष्टनावर सूचना असली पाहिजे की हे उपाशीपोटी घेऊ नये, गर्भवती व स्तनदा मातांनी आणि १८ वर्षांखालील मुलांनी घेऊ नये, तसेच त्याच दिवशी ग्रीन टी असलेले दुसरे काही घेत असल्यास घेऊ नये.

या शेवटच्या सूचनेपाशी क्षणभर थांबा. तुम्ही कॅप्सूल आणि सहा-सात मग एकाच दिवशी घेत होता, आणि सकाळी नाश्ताही करत नव्हता. यात तुमचा निष्काळजीपणा होता असे मी मुळीच म्हणणार नाही. कपातली वस्तू चांगली, तर तिचे सार आणखी चांगले, हा विचार कुणाच्याही मनात सहज येतो. तो चुकीचा आहे इतकेच.

डब्यावरचा मजकूर वाचताना आणखी एक घोटाळा होतो, तो तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठीही सांगून ठेवते. लेबलवर ‘ग्रीन टी अर्क ५०० मिलिग्रॅम’ असे लिहिलेले असते तेव्हा तो आकडा संपूर्ण अर्काचा असतो. त्यात ईजीसीजी किती, हे वेगळे लिहिलेले असेल तरच कळते. काही डब्यांवर ते टक्केवारीत असते, काहींवर नसतेच. जिथे नसते तिथे आपण काय घेत आहोत हे कळायला मार्ग नाही, आणि जे कळत नाही ते रोज गिळू नये असे माझे ठाम मत आहे. ‘वजन घटवण्यासाठी’ म्हणून मिळणाऱ्या मिश्रणांत हा अर्क अनेक घटकांपैकी एक म्हणून दडलेला असतो, त्यामुळे ‘मी ग्रीन टीची कॅप्सूल घेतच नाही’ असे म्हणणाऱ्यांनीही घटकांची यादी एकदा वाचावी. ही चिंता आजची नाही. ग्रीन टीचा अर्क असलेले वजन घटवण्याचे एक उत्पादन यकृताच्या तक्रारींमुळे फ्रान्स आणि स्पेनमध्ये २००३ मध्येच बाजारातून मागे घेण्यात आले होते.

अशी इजा सर्वांना होते का? नाही, ती विरळाच होते. अर्क घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना काहीच होत नाही, आणि म्हणूनच तुमच्या मैत्रिणीचा ‘मला तर काही झाले नाही’ हा अनुभव खरा असूनही तुम्हाला उपयोगाचा नाही. विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांमध्ये ही इजा अधिक आढळते असे अमेरिकेतील संशोधकांना दिसून आले आहे, पण आपली ठेवण कोणती हे बहुतेकांना ठाऊक नसते. ती साधारणपणे सुरुवातीपासून एक ते सहा महिन्यांच्या काळात दिसते, आणि तुमचा चौथा महिना चालू आहे. समाधानाची बाब ही की अर्क थांबवल्यावर बहुतेकांचे यकृत पूर्ववत होते. मात्र एकदा इजा झाली असेल तर पुन्हा कधीही तो अर्क घ्यायचा नसतो, कारण दुसऱ्या वेळी ती उलटण्याचा धोका असतो. तपासणी पूर्ण नितळ आली, तरीही कॅप्सूल पुन्हा सुरू करू नका असे मी सांगेन, आणि त्याचे कारण यकृताहून वेगळे आहे: वजनाच्या बाबतीत तिच्याकडून मिळण्यासारखे फारसे काही नाहीच. ग्रीन टीपासून तयार केलेल्या उत्पादनांनी वजन किती उतरते याचा कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये आढावा घेतला, तेव्हा घट इतकी थोडी निघाली की प्रकृतीच्या दृष्टीने तिला महत्त्व देता येत नाही.

कॅप्सूलचा विषय इथे बाजूला ठेवू आणि कपाकडे येऊ.

तुमच्या रक्तातल्या लोहाची गोष्ट मला या पत्रात सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि गंमत अशी की तुम्ही ती जाता जाता, एका वाक्यात लिहिली आहे. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार त्याला रक्तक्षय म्हणतात, तुमचे १०.४ आहे. चहाच्या पानांतली कॅटेचिन आणि त्यांच्यासारखी इतर संयुगे अन्नातल्या लोहाला आतड्यातच पकडून ठेवतात आणि न विरघळणारे संयुग तयार करतात, त्यामुळे ते लोह शोषले न जाता तसेच बाहेर पडते. हा परिणाम धान्ये, डाळी आणि भाज्यांमधल्या लोहावर जास्त होतो, मांस-मासळीतल्या लोहावर कमी. त्यातही वेळेला फार महत्त्व आहे. जेवणासोबत किंवा जेवण संपताच घेतलेला कप सर्वाधिक अडथळा आणतो. मध्ये तासभर जाऊ दिला तर अडथळा बराच उतरतो. तुम्ही दोन्ही जेवणांनंतर लगेच मग घेता, आणि लोहाची गोळी नेमकी कशासोबत घेता हे पत्रात लिहिलेले नाही. ती जर ग्रीन टीच्या घोटाने किंवा त्याच्या आगेमागे जात असेल, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. गोळी साध्या पाण्याने घ्या, तिच्या दोन्ही बाजूंना निदान दोन तास चहा नको, आणि जेवणात लिंबासारखे ‘क’ जीवनसत्त्व असलेले काही ठेवा. ते लोहाच्या शोषणाला मदत करते.

मात्र इथे तुमच्या मुलीचेही एक म्हणणे मला तपासून पाहावेसे वाटते. रक्त कमी झाले ते ग्रीन टीमुळेच, असे ती म्हणते असे तुम्ही लिहिले आहे. असे सगळे खापर एकट्या कपावर फोडू नका. ज्यांच्या शरीरात लोहाचा साठा भरपूर आहे त्यांना दिवसातल्या दोन-चार कपांनी सहसा काही होत नाही. साठा आधीच कमी असेल तेव्हा कप त्यात भर घालतो. चाळिशीतल्या स्त्रीमध्ये साठा कमी होण्याची नेहमीची कारणे म्हणजे मासिक पाळीतला जास्त रक्तस्राव, अपुरा आहार, आणि क्वचित पोटातून होणारा सूक्ष्म रक्तस्राव. पाळीबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही. डॉक्टरांना मात्र मोकळेपणाने सांगा आणि फेरिटिनची तपासणी करावी का, हे विचारा, कारण साठा किती आहे ते हिमोग्लोबिनपेक्षा तिच्यातून नीट कळते. चहा बंद केला म्हणजे प्रश्न मिटला असे समजून खरे कारण शोधायचे राहून गेले, तर ते नुकसान चहाने केलेल्या नुकसानाहून मोठे ठरेल.

आता झोप. ग्रीन टीत कॅफीन नसते अशी समजूत मी अनेक पत्रांत वाचते आणि तुमच्याही पत्रात तिची सावली आहे, कारण रात्रीच्या मगाला तुम्ही ‘झोपण्यापूर्वीचा हलका कप’ म्हटले आहे. ग्रीन टी आणि नेहमीचा काळा चहा एकाच झाडाच्या पानांपासून होतात. फरक पानांवर नंतर होणाऱ्या प्रक्रियेचा असतो. पाव लिटर ग्रीन टीत साधारण २० ते ४५ मिलिग्रॅम कॅफीन असते. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते असे युरोपीय प्राधिकरणाचे २०१५ चे मत आहे, आणि तुमचे सात मग धरूनही बहुधा त्या मर्यादेच्या आतच राहतात. म्हणजे तुमची अडचण एकूण प्रमाणाची कमी आणि घड्याळाची जास्त आहे. शरीरातले कॅफीन निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच अधिक. संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हा काळ लांबतो आणि गरोदरपणात तर तो फारच लांबतो. साडेनऊला घेतलेल्या मगातले निम्मे कॅफीन अडीच वाजताही तुमच्या रक्तात असते. त्यात वाईट झोपेनंतरच्या सकाळी थकवा घालवायला पुन्हा मग भरला जातो, आणि हे चक्र चालू राहते. दुपारनंतरच्या मगांना आवर घालून दोन आठवडे पाहा. एका दिवसात सातावरून शून्यावर मात्र येऊ नका; कॅफीन एकाएकी तुटले की काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते, आणि मग माणूस ‘मला ते सोसवत नाही’ म्हणून पूर्वीच्याच सवयीकडे परततो. दर दोन-तीन दिवसांनी एक मग कमी केला तर ते सोपे जाते.

सकाळची मळमळ हीही बहुधा उपाशीपोटीच्या त्या पहिल्या मगाशी जोडलेली आहे, अर्थात यकृताची तपासणी नीट आली तर. चहातली तुरट द्रव्ये रिकाम्या पोटात अनेकांना मळमळ आणतात आणि कॅफीन आम्लाचा स्राव वाढवते. ज्यांना आम्लपित्ताचा किंवा जठरातल्या व्रणाचा त्रास आहे त्यांनी तर अनशापोटी ग्रीन टी टाळलाच पाहिजे. उकळते पाणी ओतून पाने बराच वेळ तशीच ठेवली की चहा कडू आणि तुरट होतो. उकळी आल्यावर पाणी थोडे निवू देऊन, सुमारे ७० ते ८० अंशांवर, दोन-तीन मिनिटेच पाने ठेवली तर तो सौम्य उतरतो. पिण्याआधीही तो आणखी निवू द्या. ६५ अंशांहून गरम पेये नेहमी पिणे हे अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवले आहे. तिथे दोष उष्णतेचा आहे, पेय कोणतेही असो.

औषधांबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण हा धोका सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीचे नाव तुम्ही दिलेले नाही. बहुतेक गोळ्यांच्या बाबतीत दिवसातल्या एक-दोन कपांनी अडचण येत नाही. पण नॅडोलॉल नावाच्या गोळीवर जपानमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात १० निरोगी व्यक्तींना १४ दिवस रोज ७०० मिलिलिटर ग्रीन टी दिल्यावर रक्तातले त्या औषधाचे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांनी घटले. आतड्यातून औषध आत नेणाऱ्या एका वाहक प्रथिनाला चहातली कॅटेचिन अडवतात, असे त्याचे कारण दिले जाते. गोळी वेळेवर घेतली जाते, तरी रक्तदाब उतरत नाही, मग मात्रा वाढवली जाते, आणि या सगळ्यात रुग्णाच्या हातातल्या कपाबद्दल कुणी विचारतच नाही. ७०० मिलिलिटर म्हणजे तुमचे सव्वादोन-अडीच मग. तेव्हा तुमची गोळी कोणती आहे हे डब्यावर पाहून, दिवसाला किती ग्रीन टी घेता ते डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला आकड्यात सांगा. ‘थोडासा घेते’ असे सांगू नका.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्या वाचकांनी प्रमाण अचानक वाढवू किंवा घटवू नये. पानांत ‘के’ जीवनसत्त्व असते, आणि फार मोठ्या प्रमाणात ग्रीन टी घेतल्याने औषधाचा परिणाम कमी झाल्याचे नोंदवले गेले आहे. पानांची पूड पाण्यात घुसळून प्यायचा जो माचा नावाचा प्रकार आहे, त्यात संपूर्ण पानच पोटात जात असल्याने तिथे अधिक जपावे लागते. बोर्टेझोमिब हे कर्करोगावरचे औषध चालू असेल तर ग्रीन टी आणि त्याचा अर्क दोन्ही टाळावेत, कारण प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत ईजीसीजीने त्या औषधाचे कार्यच रोखल्याचे दिसले आहे. थायरॉइडची गोळी साध्या पाण्यानेच, उपाशीपोटी घ्यायची असते आणि तिच्यानंतर निदान अर्धा ते एक तास चहा नको. गर्भवतींनी सर्व पेये मिळून कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, आणि फॉलिक आम्लाची गोळी ग्रीन टीसोबत घेऊ नये, कारण तिचे शोषण त्याने कमी होते. फ्लोराइडमुळे हाडे खराब होतात ही भीती काही वाचकांनी पूर्वी कळवली होती. जुन्या, जाड पानांत फ्लोराइड जास्त असते हे खरे, पण अशी हानी वर्षानुवर्षे टोकाच्या प्रमाणात, अतिशय दाट चहा पिणाऱ्यांत दिसली आहे. तुम्हाला त्याची काळजी करण्याचे कारण मला दिसत नाही.

तुम्ही विचारलेल्या मूळ प्रश्नाकडे आता येते. ‘चांगली म्हणून धरलेली गोष्टच बाधली का’ या प्रश्नात एक गृहीत आहे: एखादी वस्तू एक तर औषध असते नाही तर विष, आणि आपण फक्त ती कुठल्या बाजूची हे ओळखायचे असते. ग्रीन टीबद्दल जे चांगले बोलले जाते त्याला आधार नाही असे नाही. जपानच्या ओसाकी भागात १९९४ पासून ४०,५३० प्रौढांचा पाठपुरावा झाला आणि २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिवसाला पाच किंवा अधिक कप घेणाऱ्यांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी आढळले. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. पण हा निरीक्षणात्मक अभ्यास होता, म्हणजे चहा पिणाऱ्यांच्या जगण्यातल्या इतर चांगल्या सवयींचा वाटा त्यात पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. आणि एक बारकावा सहसा सांगितलाच जात नाही: त्या भागातला कप सुमारे १०० मिलिलिटरचा होता. तिथले पाच कप म्हणजे तुमच्या ३०० मिलिलिटरच्या मगाने दोनही भरत नाहीत. ज्या फायद्याच्या आशेने तुम्ही सात मगांपर्यंत गेलात, तो जिथे दिसला तिथे बहुतेक लोक इतके पीत नव्हते.

वडिलांच्या आजारपणानंतर तुम्ही घाबरलात आणि त्या भीतीतून काहीतरी चांगले करायचे ठरवलेत, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण पत्र दोनदा वाचल्यावर मला असे दिसले की ग्रीन टीवर तुम्ही बरीच कामे सोपवली आहेत. तो तुमचा नाश्ता आहे, मधल्या वेळच्या भुकेवरचा उपाय आहे, थकव्यावरची तरतरी आहे, वजनावरचा इलाज आहे, आणि वडिलांसारखे आपले होणार नाही या आश्वासनाचा आधारही आहे. इतकी कामे कुठल्याही पेयाला झेपणार नाहीत. साखरेच्या चहाऐवजी साखर न घातलेला ग्रीन टी आला, तेवढ्यापुरता बदल उत्तमच होता. तो अन्नाच्या जागी आला, तिथून मात्र बिघाड सुरू झाला. तुमचा थकवा काही अंशी नुसता उपाशी राहण्याचाही असू शकतो, हे कृपया विचारात घ्या. हृदयाची काळजी असेल तर डॉक्टरांना वडिलांच्या झटक्याबद्दल सांगून, तुमचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि रक्तातली साखर यांवर बोला. रोज चालता का, धूम्रपान आहे का, झोप किती होते, या प्रश्नांच्या उत्तरांचा हृदयावर होणारा परिणाम कपातल्या कुठल्याही संयुगापेक्षा मोठा आहे.

सगळे सोडून द्यावे का? तुमचे लोह भरून येईपर्यंत महिना-दोन महिने ग्रीन टी पूर्ण थांबवणे हा एक सरळ मार्ग आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनी तसे सांगितले किंवा यकृताची तपासणी बिघडलेली आली, तर तोच पाळा. तपासणी चांगली आली आणि डॉक्टरांची हरकत नसली, तर मला दुसरा मार्ग अधिक टिकाऊ वाटतो, कारण पूर्ण बंदी केली की तिच्या विरुद्ध टोकाला जाण्याची ओढ आपल्याला लागते, आणि तुमच्या स्वभावात ती आहे असे मला वाटते. सकाळी उठल्यावर पाणी, आणि मग खरोखरचा नाश्ता. जेवणानंतरचे दोन्ही मग पूर्ण बंद. रात्रीच्या मगाच्या जागी नुसते गरम पाणी. काही दिवस हाताला मगाची सवय जाणवेल, तेव्हा मग तोच ठेवा, आत पाणी घाला. मधल्या भुकेला अन्न द्या. हे बदल दोन-अडीच आठवड्यांत एकेक करून करा, आणि रोज किती वाजता झोप लागली, सकाळी मळमळले का, एवढ्या दोन गोष्टी वहीत लिहा. पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांना तुमच्या आठवणीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

मुलीशी वाद घालण्याऐवजी तिलाच त्या भेटीला सोबत न्या. तिची भीती तुमच्याबद्दलच्या काळजीतून आलेली आहे, आणि कॅप्सूलच्या बाबतीत तिने वेळेवर टोकले हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. कपाबद्दलचे तिचे म्हणणे किती खरे आणि किती जास्तीचे, हे तिला तिथेच, तिसऱ्या माणसाकडून कळेल.

राहता राहिला तुमचा चार वाजताचा कप. दुपारचे जेवण होऊन तोवर दोन-अडीच तास गेलेले असतात, रात्रीचे जेवण अजून दूर असते, लोहाची गोळी सकाळी किंवा रात्री घेतली तर ती आगेमागे नसते, आणि बहुतेकांच्या बाबतीत झोपेपर्यंत त्यातले बरेचसे कॅफीन उतरलेले असते. मग थोडा लहान घ्या, पाणी निवू द्या, आणि तपासणीचा निकाल व डॉक्टरांचा होकार मिळाल्यावर तो कप खुशाल ठेवा. तोवर त्या दहा मिनिटांत गरम पाण्याचा मग हातात घेऊन बसा. ती दहा मिनिटे मात्र एक दिवसही सोडू नका.